सिस्टम३२ मध्ये डीएलएल टाकणं बंद करूया: नेटिव्ह लायब्ररी बिल्डमधूनच ॲपसोबत जायला हवी

अनगोळकर | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दूध संस्था, वजनकाटे, अडत दुकानं यांच्यासाठी सॉफ्टवेअर करणारे आपण बरेच जण इथे आहोत, म्हणून हा धागा काढतोय. बहुतेकांचं ॲप जावा नाहीतर कोटलिनमध्ये, बिल्ड (कोडमधून चालतं ॲप तयार करणं) ग्रेडल या साधनावर. आणि प्रत्येकाला एखादी तरी नेटिव्ह लायब्ररी, म्हणजे जावाबाहेर सी वगैरेत लिहिलेली कोडची फाइल, लागतेच. काट्याचा सिरियल पोर्ट वाचायला, एसक्यूलाइट या डेटाबेसला, नाहीतर दुधाच्या फॅट मशीनच्या कंपनीने दिलेली डीएलएल (विंडोजवरची नेटिव्ह लायब्ररी).

आपली जार, म्हणजे जावा कोडची एकत्र बांधलेली फाइल, बिल्डमधून व्यवस्थित बाहेर पडते. तिला आवृत्ती असते, गिटमध्ये इतिहास असतो. डीएलएल मात्र कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर असते, नाहीतर व्हॉट्सॲपवर आलेल्या झिपमध्ये. इन्स्टॉल करायला गेलेला मुलगा ती विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये टाकतो आणि चाललं की परत येतो. पुढे संस्थेचा संगणक बदलला की कुठली डीएलएल, कुठली आवृत्ती, कुठे टाकली होती, हे कुणालाच सांगता येत नाही.

त्यात सिस्टम३२ ही सगळ्या प्रोग्रामांची सामायिक जागा. ६४-बिट विंडोजवर तिथे ६४-बिट फाइली असतात आणि ३२-बिट फाइली सिसवॉव६४ मध्ये. आपली मुलं नाव बघून ३२-बिट फाइल सिस्टम३२ मध्ये टाकतात आणि तासभर डोकं धरून बसतात. दुसऱ्या कुठल्या इन्स्टॉलरने त्याच नावाची फाइल वर टाकली की आपलं ॲप बंद, आणि फोन आपल्याला.

माझं ठाम मत असं की जी फाइल नसली तर ॲप चालत नाही, ती ॲपचाच भाग आहे. ती बिल्डनेच आणली पाहिजे, बिल्डनेच तपासली पाहिजे आणि बिल्डनेच जागेवर ठेवली पाहिजे. इन्स्टॉल करणाऱ्याच्या हातात एकच फाइल द्यायची, बाकी काही नाही.

मी काय करतो ते खाली सविस्तर लिहीन. आधी तुम्ही कसं करता ते सांगा.

चंदगडचा | सोमवार, रात्री ९:५०

दादा, मी अजून शिकतोय, बेळगावात कॉलेजला आहे. एक शंका. एसक्यूलाइटची जेडीबीसी जार (जावाला डेटाबेसशी जोडणारी) आम्ही ग्रेडलमध्ये फक्त एक ओळ लिहून घेतो. तिच्यासाठी कुठे डीएलएल टाकावी लागली नाही, विंडोजवरही चालली आणि लॅबच्या उबुंटूवरही. मग आपलीही डीएलएल जारमध्येच घातली तर काम झालं की?

शहापूरची | सोमवार, रात्री १०:३१

चांगला प्रश्न आहे भावा. त्या जारच्या आत प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टमची आणि प्रत्येक प्रोसेसरची लायब्ररी वेगवेगळ्या फोल्डरात भरलेली असते. जार म्हणजे शेवटी झिप. विंडोजचा किंवा लिनक्सचा लोडर झिपच्या आत हात घालू शकत नाही, त्याला डिस्कवर खरीखुरी फाइल लागते. म्हणून ॲप सुरू झालं की ती जार आधी आपण कुठल्या मशीनवर आहोत ते ओळखते, योग्य फाइल टेम्प फोल्डरमध्ये काढते आणि जावाच्या सिस्टम.लोड या फंक्शनला तिचा पूर्ण पत्ता देते. जावातून नेटिव्ह कोड वापरू देणारी जेएनए हेच करते, सिरियल पोर्ट वाचणारी जेसिरियलकॉमही हेच करते.

सगळ्या जगाला द्यायच्या लायब्ररीसाठी ही पद्धत बरोबर आहे. वापरणारा ती कुठे चालवणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. पण आपण देतो ते पूर्ण ॲप, स्वतःच्या इन्स्टॉलरसह. तिथे टेम्पमध्ये फाइल काढायचा व्याप कशाला? त्याचे त्रास मी नोकरीत रोज बघते.

विंडोजवर लोड झालेली डीएलएल प्रोग्राम चालू असेपर्यंत पुसता येत नाही. ॲप बंद होताना पुसून टाक असं जावाला सांगितलं तरी त्या क्षणी ती लोड झालेलीच असते, त्यामुळे पुसली जात नाही. लायब्ररीने पुढच्या वेळी जुन्या फाइली साफ करायची सोय केली नसेल तर टेम्पमध्ये ढीग साचतो. लिनक्सवर टेम्प विभाग नोएक्झेक करून (तिथला कोड चालू द्यायचा नाही असं सांगून) माउंट केलेला असला की ‘फेल्ड टू मॅप सेगमेंट’ असा संदेश येतो, आणि माणूस परवानग्या तपासत बसतो. काही अँटिव्हायरस टेम्पमध्ये नव्याने उगवलेल्या डीएलएलकडे संशयानेच बघतात. आणि एकच नेटिव्ह लायब्ररी दोन क्लासलोडरना (जावात कोड लोड करणारे भाग) लोड करता येत नाही. प्लगइनवाल्या ॲपमध्ये हा प्रश्न हमखास येतो.

एसक्यूलाइटच्या त्या जारला ओआरजी.एसक्यूलाइट.लिब.पाथ अशी प्रॉपर्टी आहे, जेएनएलाही जेएनए.बूट.लायब्ररी.पाथ आहे. म्हणजे ‘काढू नकोस, फाइल इथे ठेवली आहे’ असं सांगता येतं. आपल्या ॲपसाठी मी नेहमी तसंच करते.

खानापूर_संस्था | मंगळवार, सकाळी १०:०५

मी प्रोग्रामर नाही. खानापूर भागातल्या एका दूध संस्थेत सेक्रेटरी आहे. धागा आमच्याबद्दलच आहे म्हणून लिहितो.

सकाळी सहाला डेअरीवर रांग लागते. माणूस कॅन घेऊन उभा असतो, काट्यावर वजन होतं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) लागतो, पावती निघते. संगणक म्हणाला ‘लायब्ररी सापडत नाही’ तर मी काय करू? वहीत हाताने लिहितो. पण दहा दिवसांचं बिल काढताना वहीतलं आणि संगणकातलं जुळवायला अख्खी रात्र जाते, आणि दोन रुपयांचा फरक पडला तरी उत्पादक विचारतो. त्याचा तो हक्कच आहे.

आमच्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल नेम नाही. यूपीएसची बॅटरी जुनी. संगणक झटक्यात बंद पडतो. ताई, तुम्ही म्हणता ते टेम्पमधलं, लाइट गेल्यावर त्याचं काय होतं?

शहापूरची | मंगळवार, दुपारी १:२०

सेक्रेटरी साहेब, फाइल काढत असतानाच लाइट गेली तर अर्धवट फाइल राहू शकते. चांगली लायब्ररी दर वेळी नवीन नावाने काढते किंवा काढलेली फाइल मूळ फाइलशी ताडून बघते. नवखी लायब्ररी ‘फाइल आहे ना, मग झालं’ म्हणून तीच अर्धी फाइल लोड करायला जाते आणि ॲप उठतच नाही. कायमच्या जागी, इन्स्टॉल करतानाच ठेवलेल्या फाइलीला हा धोका नाही, कारण रोज कुणी ती नव्याने लिहीतच नाही.

अनगोळकर | मंगळवार, रात्री ९:४०

सेक्रेटरी साहेबांनी लिहिलं ते फार बरं झालं. आपण ज्यांच्यासाठी करतो ते इथे बोलले पाहिजेत.

आता माझी पद्धत. प्रत्येक नेटिव्ह लायब्ररी मी आमच्या अंतर्गत मेवन रिपॉझिटरीत (लायब्ररी आवृत्तीनुसार ठेवायचं कोठार) झिप करून ठेवतो. नाव, आवृत्ती आणि शेवटी कुठल्या सिस्टमची ते सांगणारं क्लासिफायर: विंडोज-एक्स८६, विंडोज-एक्स६४, लिनक्स-एक्स६४. म्हणजे ग्रेडलच्या दृष्टीने ती इतर डिपेंडन्सीसारखीच एक डिपेंडन्सी होते. कंपनीने नवीन डीएलएल दिली की आवृत्ती वाढवायची, जुनी तशीच राहू द्यायची. कुठल्या संस्थेत कुठली गेली हे नंतर सांगता येतं. ग्रेडल ६.२ पासून चेकसम पडताळणी (फाइलचा ठसा जुळतो का ते बघणं) आहे. ती चालू ठेवली की कुणी गुपचूप फाइल बदलली तर बिल्ड तिथेच थांबते.

बिल्डस्क्रिप्टमध्ये ‘नेटिव्ह’ नावाचं वेगळं कॉन्फिगरेशन काढायचं. ते कंपाइलच्या क्लासपाथमध्ये मिसळू द्यायचं नाही, कारण जावा कंपाइलरला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. मग एक टास्क ते झिप उघडून बिल्ड फोल्डरमध्ये ठेवतो. इथे कॉपी टास्क वापरू नका, सिंक वापरा. कॉपी जुन्या फाइली तशाच ठेवतो. लायब्ररीचं नाव बदललं तर जुनी आणि नवी दोन्ही पॅकेजमध्ये जातात. सिंक फोल्डर अगदी हुबेहूब करतो, जास्तीचं काढून टाकतो.

ॲप्लिकेशन प्लगइन वापरत असाल तर डिस्ट्रिब्युशनच्या मजकुरात हे फोल्डर जोडा. मग इन्स्टॉलडिस्ट आणि डिस्टझिप दोन्हीत ते आपोआप येतं. अडचण एकच: सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये जावा.लायब्ररी.पाथ (जावाने नेटिव्ह लायब्ररी शोधायचा पत्ता) द्यायचा तर तो ॲप जिथे ठेवलंय तिथून मोजायला हवा. ग्रेडल ती स्क्रिप्ट तयार करताना डिफॉल्ट जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) पर्यायांत मजकूर जसाच्या तसा घालतो. म्हणून तिथे एक खुणेचा शब्द ठेवायचा आणि स्टार्टस्क्रिप्ट टास्कच्या शेवटी तो बदलून युनिक्सच्या स्क्रिप्टमध्ये डॉलर-ॲपहोम आणि बॅच फाइलमध्ये टक्क्यांच्या खुणांतला ॲपहोम करायचा. दिसायला ओबडधोबड, पण भरवशाचं.

संस्थांना मात्र मी झिप देत नाही, जावासोबत येणाऱ्या जेपॅकेज या साधनाने केलेला इन्स्टॉलर देतो. जेपॅकेज जावा १४ मध्ये प्रायोगिक म्हणून आलं आणि १६ पासून पक्कं झालं. सोबत जावाचा रनटाइमही जातो, त्यामुळे समोरच्याकडे कुठली जावा आहे हा प्रश्नच उरत नाही. इनपुट फोल्डरमध्ये जे ठेवाल ते सगळं पॅकेजच्या ॲप फोल्डरमध्ये जातं, आणि जावाच्या पर्यायांत डॉलर-ॲपडिर लिहिलं की सुरू होताना तिथे खरा पत्ता बसतो. एवढं लक्षात ठेवा की जेपॅकेज ज्या सिस्टमवर चालवाल त्याच सिस्टमचं पॅकेज देतं. विंडोजचा इन्स्टॉलर विंडोजवरच करावा लागतो, त्याला विक्स नावाचं साधनही लागतं.

जावा २४ पासून आणखी एक गोष्ट. नेटिव्ह लायब्ररी लोड केली की जेव्हीएम इशारा छापतं, आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीत परवानगीशिवाय लोडच होऊ द्यायचं नाही असा त्यांचा बेत आहे. एनेबल-नेटिव्ह-ॲक्सेस हा पर्याय आत्ताच पॅकेजमध्ये घालून ठेवा.

मच्छे_फाटा | मंगळवार, रात्री १०:१५

दादा, हे सगळं केलं तरी मला ‘कान्ट फाइंड डिपेंडंट लायब्ररीज’ येतं. डीएलएल जागेवर आहे, मी डोळ्यांनी बघतोय.

अनगोळकर | मंगळवार, रात्री १०:४८

तो संदेश नीट वाच. तुझी डीएलएल सापडली आहे. तिला लागणारी दुसरी डीएलएल सापडत नाही.

विंडोज आधी बघतं ते चालू एक्झीचं फोल्डर, मग सिस्टम फोल्डर, मग पाथ या सेटिंगमधली फोल्डरं. तुझ्या डीएलएलचं स्वतःचं फोल्डर त्या यादीत नाही. जावा जार थेट चालवलीस तर एक्झी म्हणजे जावा.एक्झी, म्हणजे फोल्डर जावाच्या बिनचं. जेपॅकेजच्या ॲपमध्ये एक्झी सर्वांत वरच्या फोल्डरात असते आणि तुझ्या लायब्ररी आतल्या ॲप फोल्डरात. त्यामुळे शेजारी ठेवलेली दुसरी डीएलएलही त्याला दिसत नाही.

उपाय: खालपासून वर अशा क्रमाने लोड कर. आधी ज्यांच्यावर इतर अवलंबून आहेत त्या, प्रत्येकीचा पूर्ण पत्ता देऊन सिस्टम.लोड ने, शेवटी मुख्य. एकदा त्या नावाचं मॉड्यूल प्रोसेसमध्ये आलं की विंडोज तेच वापरतं. कुठली कुणावर अवलंबून आहे ते डंपबिन डिपेंडंट्स पर्यायाने दाखवतं.

बहुतेक वेळा हरवलेली फाइल मायक्रोसॉफ्टच्या सी++ ची व्हीसीरनटाइम१४० नाहीतर एमएसव्हीसीपी१४० असते. आपल्या संगणकावर व्हिज्युअल स्टुडिओ असतो म्हणून आपल्याला ती कधी कमी पडत नाही. संस्थेत नसते. मायक्रोसॉफ्टचं रीडिस्ट्रिब्युटेबल इन्स्टॉलरमधून बसव, नाहीतर त्या फाइली ॲपशेजारीच ठेव, दोन्हीला परवानगी आहे. विंडोज ७ असेल तर युनिव्हर्सल सी रनटाइमही बघ. तो विंडोज १० मध्ये मुळातच असतो, ७ मध्ये अपडेटने येतो, आणि गावातल्या संगणकावर ते अपडेट झालेलं असेलच असं नाही.

मच्छे_फाटा | मंगळवार, रात्री ११:३०

व्हीसीरनटाइमच होती. लागलं. धन्यवाद दादा.

निपाणीकर | बुधवार, सकाळी ११:१०

आम्ही निपाणीत दोन-तीन ठिकाणी जुन्या संगणकांवर लिनक्स बसवलंय. तिथलं सांगतो.

लिनक्सवर ॲपच्या फोल्डरचा लोडरच्या यादीत समावेशच नसतो. बरेच जण एलडी-लायब्ररी-पाथ (लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारी सेटिंग) सेट करणारी स्क्रिप्ट देतात. चालतं, पण मला ते पटत नाही. तो पाथ तुमच्या ॲपने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोसेसला वारशाने जातो. तुमच्या ॲपने पीडीएफ उघडायचा प्रोग्राम सुरू केला की तोही तुमच्या लायब्ररी उचलतो आणि कोसळतो. शोधायला फार कठीण जातं.

त्यापेक्षा लायब्ररीतच लिहून ठेवायचं की ‘माझ्या सोबतिणी माझ्याच फोल्डरात आहेत’. त्यासाठी रनपाथमध्ये (लायब्ररीच्या फाइलीतच असलेली शोधाची यादी) डॉलर-ओरिजिन, म्हणजे ‘माझं फोल्डर’, लिहायचं. सीमेकमध्ये इन्स्टॉल-आरपाथ म्हणून देता येतं. मेकफाइलमधून देत असाल तर डॉलर दोनदा लिहा आणि शब्द एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर मेक आणि शेल दोघं मिळून तो खाऊन टाकतात आणि मागे नुसतं ‘रिजिन’ उरतं. तयार बायनरी हातात असेल तर पॅचेल्फने नंतरही बदलता येतं. झालं की रीडेल्फने तपासायचं, अंदाजावर सोडायचं नाही. आणि रनपाथ फक्त त्याच फाइलच्या थेट गरजांना लागू होतो, गरजांच्या गरजांना नाही. म्हणून प्रत्येक .एसओ ला (लिनक्सवरची नेटिव्ह लायब्ररी) स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

दुसरं, जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी. उबुंटू २२.०४ वर कंपाइल केलेली लायब्ररी २०.०४ वर नेली की ‘जीलिबसी २.३४ सापडत नाही’ असं ऐकावं लागतं. २०.०४ मध्ये २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५. जुन्यावर केलेलं नव्यावर चालतं, उलट नाही. मग जीलिबसीच सोबत का देऊ नये, असं विचारू नका. तिचं लोडरशी घट्ट नातं असतं, आवृत्ती जुळली नाही तर सगळंच पडतं. जीलिबसी सिस्टमचीच राहू द्या आणि बिल्ड सर्वांत जुन्या सिस्टमच्या कंटेनरमध्ये करा. पायथनवाल्यांनी हेच नियम करून ठेवलंय. त्यांचा मॅनीलिनक्स२०१४ हा नियम सेंटओएस ७ वर, म्हणजे जीलिबसी २.१७ वर उभा आहे. ऑडिटव्हील नावाचं त्यांचं साधन लागणाऱ्या लायब्ररी व्हीलमध्ये (पायथनचं पॅकेज) भरतं, नावाला हॅश जोडतं आणि पाथ दुरुस्त करतं. जावावाल्यांनी ते एकदा बघून घ्यावं.

कॅम्पवाला | बुधवार, दुपारी ४:०५

मला या धाग्याची दिशाच मान्य नाही, आणि ते मोकळेपणाने लिहितो.

लिनक्स डिस्ट्रिब्युशनं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत की लायब्ररीच्या प्रती ॲपमध्ये भरू नका. डेबियनच्या धोरणातही तेच आहे. कारण सुरक्षितता. सिस्टमची लायब्ररी एकदा दुरुस्त झाली की सगळे प्रोग्राम दुरुस्त होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रांच्या लायब्ररीमध्ये गंभीर दोष सापडला तेव्हा काय झालं आठवा. क्रोमने दुरुस्ती दिली, पण क्रोमचंच इंजिन सोबत नेणाऱ्या इलेक्ट्रॉनवर बांधलेल्या प्रत्येक ॲपमध्ये त्या लायब्ररीची स्वतंत्र प्रत होती आणि ज्याने त्याने आपापली नवी आवृत्ती काढेपर्यंत वाट बघावी लागली. तुम्ही एसक्यूलाइट भरता, डेटा दाबून लहान करणारी झेडलिब भरता. तीन वर्षं त्या संस्थेत कोणी फिरकत नाही. मग?

शहापूरची | बुधवार, रात्री ९:२५

कॅम्पवाले दादा, हा या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आक्षेप आहे, आणि त्याला ‘चालतंय की’ असं उत्तर देऊन चालणार नाही.

डिस्ट्रिब्युशनमध्ये ज्यांचं ॲप जातं त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. तिथे पॅकेज सांभाळणारी माणसं आहेत, अपडेट येतात. आपल्या संस्थांत विंडोज आहे. विंडोजमध्ये सिस्टमची झेडलिब नाही, फॅट मशीनची डीएलएल तर नाहीच नाही. तिथे सोबत न देणं म्हणजे कुणीतरी हाताने टाकणं, आणि हाताने टाकलेली फाइल तर कधीच अपडेट होत नाही.

तरीही जबाबदारी आपल्यावर येते हे मान्य करायलाच हवं. म्हणून तर मला बिल्डमधला मार्ग हवाय. लायब्ररी आवृत्तीसह बिल्डमध्ये नोंदलेली असेल तर दोष जाहीर झाला की कुठल्या ॲपच्या कुठल्या आवृत्तीत ती आहे हे एका शोधात कळतं. आवृत्ती बदलायची, इन्स्टॉलर काढायचा. पेनड्राइव्हवरच्या डीएलएलला हे शक्य नाही. आणि ॲपला स्वतः अपडेट व्हायची सोय हवी, हेही तुमच्यामुळे इथे लिहून ठेवते. ती सोय नसलेल्या ॲपमध्ये लायब्ररी भरणं म्हणजे अर्धंच काम.

कॅम्पवाला | बुधवार, रात्री ९:५२

विंडोजबद्दल मान्य. लिनक्सवर एसक्यूलाइट, फ्रीटाइप वगैरे मी सिस्टमचीच वापरणार आणि डेब पॅकेजमध्ये अवलंबित्व लिहिणार. सोबत फक्त तेच द्यायचं जे सिस्टममध्ये मिळतच नाही.

निपाणीकर | बुधवार, रात्री १०:०३

लिनक्सपुरतं मीही यापुढे असंच करीन.

चंदगडचा | गुरुवार, सकाळी ८:१५

माझ्या प्रोजेक्टसाठी मशीनच्या कंपनीने फक्त ३२-बिट डीएलएल दिली आहे. आमची जावा ६४-बिट. ‘आयए ३२-बिट डीएलएल ६४-बिट प्लॅटफॉर्मवर लोड होत नाही’ असा संदेश येतो. कंपनीला मेल केला, उत्तर नाही.

अनगोळकर | गुरुवार, रात्री ९:०५

एका प्रोसेसमध्ये ३२ आणि ६४ एकत्र नांदत नाहीत, यावर कुठलीच सेटिंग नाही. पण वाटा आहेत.

सगळं ॲपच ३२-बिट जावासह पॅकेज करता येतं. जावा १७ चे ३२-बिट विंडोज बिल्ड अजून मिळतात. पण हा रस्ता बंद होत चाललाय: २१ मध्ये तो पोर्ट काढून टाकायचं जाहीर झालं आणि २४ मध्ये काढलाच. नवीन कामाला मी तो घेणार नाही.

मी दुसरी वाट घेतो. सी मध्ये छोटासा ३२-बिट प्रोग्राम लिहायचा. तो फक्त ती डीएलएल लोड करतो, फॅट-एसएनएफ वाचतो आणि एकेक ओळ स्टँडर्ड आउटपुटवर छापतो. आपलं ६४-बिट जावा ॲप त्याला सुरू करून ओळी वाचतं. कंपनीची डीएलएल त्या छोट्या एक्झीच्या शेजारीच ठेवायची. मग वर मच्छेच्या मित्राला आला तो शोधक्रमाचा घोळही राहत नाही, कारण चालू एक्झीचं फोल्डर तेच असतं. आणि डीएलएल कोसळली तर तो छोटा प्रोग्राम कोसळतो, पावतीचं ॲप उभं राहतं. जेव्हीएमच्या आत नेटिव्ह कोड कोसळला तर अख्खं जेव्हीएम जातं, ते कुठल्याही ट्राय-कॅचने अडत नाही. सकाळी सहाच्या रांगेत हा फरक फार मोठा आहे. ती एक्झीही बिल्डमध्येच घ्यायची, वेगळं क्लासिफायर देऊन.

पण हे सगळं करायच्या आधी मशीनची पुस्तिका उघड. बहुतेक मशीन आरएस-२३२ वरून (सिरियल पोर्ट) साधा मजकूर पाठवतात. बॉड रेट (पाठवायचा वेग) आणि ओळीची रचना पुस्तिकेत मिळाली तर डीएलएलची गरजच नाही, जेसिरियलकॉमने थेट वाच.

चंदगडचा | शुक्रवार, सकाळी ७:४०

पुस्तिकेत मागच्या पानावर रचना दिली आहे! ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही. आज संध्याकाळी करून बघतो.

मच्छे_फाटा | शुक्रवार, दुपारी १२:३०

अँड्रॉइडवाले कुणी असतील तर दोन शब्द. तिथे जागा ठरलेली आहे: जेएनआयलिब्स फोल्डरात आर्म६४-व्ही८ए, आर्मइएबीआय-व्ही७ए असे उपफोल्डर. ऑगस्ट २०१९ पासून प्ले स्टोअरला ६४-बिट प्रत लागतेच. आता नवं म्हणजे १६ केबी पेज (मेमरीच्या तुकड्याचा आकार). १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ आणि पुढे लक्ष्य ठेवणाऱ्या नव्या ॲपना आणि अपडेटना ते बंधनकारक झालंय. एनडीके (अँड्रॉइडवर नेटिव्ह कोड बांधायचं साधन) आर२८ आपोआप तसं करतं, पण बाहेरून घेतलेली .एसओ जुनी असेल तर ती पुन्हा बांधूनच घ्यावी लागते. दोन लायब्ररींनी लिबसी++शेअर्ड (सी++ ची सामायिक लायब्ररी) आणली की ‘दोन फाइली सापडल्या’ म्हणून बिल्ड थांबते. लोक डोळे झाकून पिकफर्स्ट (पहिली सापडेल ती घे) लिहितात. आधी दोन्ही कुठल्या एनडीकेच्या आहेत ते बघा.

शहापूरची | शुक्रवार, रात्री ८:५०

एक राहिलं. आपल्या पावत्या मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत निघतात. थर्मल प्रिंटरला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, म्हणून आपण पावती चित्र करून पाठवतो. जावा ९ पासून अक्षरजुळणीचं काम हार्फबझ करतं आणि ते जावाच्या सोबतच येतं, वेगळं भरायला नको. पण फॉन्ट येत नाही! ‘श्री’ आणि ‘ಶ್ರೀ’ दोन्ही नीट उमटायचे असतील तर नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड या फाइलीही त्याच बिल्डमधून, आवृत्तीसह न्या. परवाना मोकळा आहे, परवान्याची फाइल मात्र सोबत ठेवा. जेलिंकने रनटाइम लहान करताना जावा.डेस्कटॉप मॉड्यूल काढून टाकू नका, हार्फबझ त्यातच आहे.

परवान्याचं कंपनीच्या डीएलएललाही लागू आहे. ती पुढे वाटायची परवानगी लेखी घ्या.

खानापूर_संस्था | शुक्रवार, रात्री ९:३०

कन्नड पावतीचं बरोबर बोललात ताई. आमच्याकडे दोन्ही लोक दूध घालतात, ज्याला त्याला आपल्या भाषेत पावती पाहिजे.

तुम्ही हे सगळं बनवून तपासता कुठे? तुमच्या संगणकावर सगळं आधीच असणार की.

अनगोळकर | शुक्रवार, रात्री १०:१०

साहेब, मुद्द्याचं विचारलंत. बिल्ड सर्व्हरवर कोऱ्या विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये इन्स्टॉलर बसवतो, पाथ रिकामा ठेवतो आणि ॲपला ‘तपासणी’ असा पर्याय देऊन चालवतो. त्या पर्यायात ॲप खिडकी उघडत नाही; प्रत्येक नेटिव्ह लायब्ररी लोड करून तिचं एखादं फंक्शन हाक मारून बघतं, दोन्ही लिपींत एक पावती चित्र करून ठेवतं आणि बंद होतं. लायब्ररी कुठल्या पत्त्यावरून लोड झाली तेही छापतं. आपल्या फोल्डराबाहेरचा पत्ता दिसला तर तपासणी नापास, मग बाकी सगळं चालत असलं तरी. नापास झालं तर इन्स्टॉलर बाहेर पडतच नाही.

पण खरा जुना संगणक, खरा काटा, खरी केबल हे व्हर्च्युअल मशीनमध्ये येत नाही. तुमच्याकडे जुना संगणक पडून आहे का?

खानापूर_संस्था | शनिवार, सकाळी ९:२०

आहे की. ऑफिसात मागे ठेवलाय, विंडोज ७, ३२-बिट. जुना काटाही आहे, केबलसकट. रविवारी सकाळचं संकलन आटपलं की या, नवानंतर आम्ही मोकळे असतो. इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर घेऊन या, आमच्याकडे नेट भरवशाचं नाही.

अनगोळकर | शनिवार, सकाळी ९:४५

येतो साहेब. ३२-बिट विंडोजवर आमचा ६४-बिट इन्स्टॉलर बसणार नाही, म्हणून आज जावा १७ चा ३२-बिट वेगळा बिल्ड काढतो. चंदगडच्या भावा, तुझं सिरियल वाचन झालं असेल तर तूही ये, त्याच काट्यावर लावून बघू.